बालगृहातला मुलगा १८ वर्षांचा झाला की कुठे जातो?

एका शिक्षकांचा प्रश्न आहे: ते शिकवतात तो बालगृहातला मुलगा तीन महिन्यांनी १८ पूर्ण करतोय, बारावीत आहे आणि संस्थेने त्याला 'आता तुझी सोय बघ' असं सांगितलंय, तर पुढे काय? त्याची सोय होऊ शकते, पण वाढदिवसापर्यंत थांबू नका. खरं काम त्याआधीच उरकायचं असतं.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी मदतीची तरतूद आहे. ही अनुरक्षण सेवा (आफ्टरकेअर, म्हणजे संस्था सोडल्यावर राहणं-शिक्षणासाठी मिळणारा आधार) २१ वर्षांपर्यंत मिळते, अपवाद म्हणून २३ पर्यंत. बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने पुढचा आराखडा बालकल्याण समितीला (मुलाला बालगृहात ठेवण्याचा आदेश देणारी समिती) द्यायचा, असा नियम आहे. घोडं अडतं ते इथेच. आराखडा कुणी मागितला नाही तर बऱ्याचदा तो होतच नाही आणि पोरगं एका पिशवीत कपडे भरून निघतं. म्हणून याच आठवड्यात मुलाच्या सहीने समितीकडे अर्ज द्या, प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, आणि दोन्हीकडे पोचेचा शिक्का घ्या. अर्जात नेमकं लिहा: परीक्षा कधी, अनुरक्षण गृह (१८ नंतर राहण्याची सोय) हवं की वसतिगृहाचा खर्च, पुढे कोणता कोर्स. 'मदत मिळावी' एवढाच अर्ज फायलीत पडून राहतो.

मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी महिना ४००० रुपयांची तरतूद आहे आणि पैसे थेट खात्यात जमा होतात. तेव्हा त्याचं पासबुक उघडून बघा. पालक म्हणून अधीक्षकांचं नाव असेल, तर १८ पूर्ण होताच नव्याने केवायसी आणि मुलाची स्वतःची सही लागते. तोवर व्यवहार बंद. आधार, दहावीचं गुणपत्रक आणि पासबुक यांत नाव अक्षरन्अक्षर जुळायला हवं. एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं आडनाव, एवढ्यावरही काम अडतं. हप्ता दरमहा वेळेवर येईल असं धरून मात्र खोली भाड्याने घेऊ नका.

अनाथ प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट, लोक ते आणि अनुरक्षण यांची गल्लत करतात. आई किंवा वडील हयात असतील तर ते मिळत नाही. अनुरक्षण सेवेला मात्र अनाथ असण्याची अट नाही. दोघेही नसतील तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात आत्ताच अर्ज करा. २०१८ पासून राज्यात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण आहे.

आणि निघण्याआधी समितीच्या प्रवेश आदेशाची साक्षांकित प्रत त्याच्या हातात असू द्या. तो बालगृहात राहिल्याचा मूळ पुरावा तोच, आणि बाहेर पडल्यावर ती प्रत मिळवायला महिनोन्महिने खेपा घालाव्या लागतात.