कायदा-सल्ला: पंचाच्या सहीचे मोल

प्रश्न : खुनाच्या एका गुन्ह्यात पोलिसांनी मला पंच म्हणून बोलावले होते. रक्ताचे डाग असलेली चादर कागदात गुंडाळून तिला लाखेचे सील केले आणि लेबलवर माझी सही घेतली. निकाल डीएनए अहवालावरच लागणार असेल, तर या सोपस्काराला एवढे महत्त्व का?

उत्तर : निकाल केवळ अहवालावर लागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे अहवाल हे तज्ज्ञाचे मत आहे, आणि तपासलेला डाग त्याच चादरीवरचा होता हे सिद्ध झाल्याशिवाय त्या मताला आधार उरत नाही. दिल्लीतील छावला प्रकरणात, म्हणजे एका तरुणीवरील सामूहिक बलात्कार व खुनाच्या खटल्यात, १४ व १६ फेब्रुवारी २०१२ रोजी जप्त केलेले नमुने २७ फेब्रुवारीपर्यंत पोलिसांच्या मालखान्यातच (जप्त वस्तू ठेवण्याच्या खोलीतच) होते. त्यांच्यात फेरफार झाला नसेल याची खात्री देता येत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना निर्दोष सोडले. त्या तरुणीच्या कुटुंबाला दहा वर्षांनंतर हे ऐकावे लागले. म्हणूनच अशा त्रुटींना किरकोळ म्हणणे मला मान्य नाही.

तामिळनाडूतील एका खटल्याचा निकाल देताना १५ जुलै २०२५ रोजी याच न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. नमुन्याच्या कागदपत्रावर गुन्हा क्रमांक, कलम, पोलीस ठाणे व तपास अधिकाऱ्याचे नाव यांसह डॉक्टर, तपास अधिकारी आणि स्वतंत्र पंचांच्या सह्या हव्यात. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाल्यास त्याचे कारण केस डायरीत नोंदवले पाहिजे, आणि खटला चालू असेपर्यंत न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडता किंवा पुन्हा सील करता येणार नाही. तो कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही खटल्याच्या कागदपत्रांना जोडावी लागते.

कागदाचेही कारण आहे. ओलसर कापड प्लॅस्टिकमध्ये बंद केल्यास जिवाणू व बुरशी वाढून डीएनए नष्ट होऊ लागतो. त्यामुळे ते सावलीत वाळवून कागदातच बांधतात.

जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार बंधनकारक आहे, तरीही तुमची साक्ष होऊ शकते. त्या वेळी मुद्देमाल समोर आणल्यावर आधी सील आणि आपली सही नीट पाहा, आणि सील तुटलेले दिसल्यास न विचारताही न्यायालयाच्या निदर्शनास आणा.