आजोबांच्या ट्रंकेतलं पितळी रीळ: घासू नका, आधी ओळखा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. साताऱ्याच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या ट्रंकेत मासे पकडायचं सामान, म्हणजे काठीला बसवून दोरी गुंडाळायचं एक पितळी रीळ, कापडी पिशवीतली तीन तुकड्यांची काठी आणि पत्र्याच्या डबीत पिसं बांधलेले गळ सापडले. आजोबा तरुणपणी महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते, तिथूनच ते आलं असावं असा घरच्यांचा अंदाज. याची किंमत किती, पितळ घासून लखलखीत करावं का, आणि असल्या वस्तूंचा संग्रह करण्यात काही अर्थ आहे का?

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण दिवाळीची साफसफाई तोंडावर आहे आणि घरातलं कोणीतरी चिंच घेऊन बसेल. घासू नका. पितांबरी नको, राख नको, लिंबू तर अजिबात नको. चांगल्या कारखान्यांत पितळेवर मुद्दाम गडद तपकिरी रंग चढवत, म्हणजे पाण्यावर ऊन पडलं तरी रीळ चकाकत नाही आणि मासा बुजत नाही. तुम्हाला तो मळ वाटतो, पण गिऱ्हाईक तोच बघायला येतं. शिवाय बनवणाऱ्याचं नाव फार खोल ठोकलेलं नसतं. दोन-चार वेळा घासलं की अक्षरं पुसट होतात आणि मग रिळाची ओळखच गेली. मऊ ब्रश, कोरडं फडकं, मधल्या दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बास.

उघडायचा मोह झाला तर आणखी एक. माझं आयुष्य लेथवर गेलंय, म्हणून हे डोळ्यात भरतं: जुना संग्राहक रीळ हातात घेतल्यावर सगळ्यात आधी स्क्रूच्या खाचा बघतो. खाच फाटलेली, कडा उचललेल्या असल्या की आत कोणी अडाण्यानं हात घातलाय हे त्याला कळतं. त्या काळच्या खाचा बारीक असतात आणि बाजारातला स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही. टोक ग्राइंडरवर घासून खाचेच्या मापाचं करून घ्या, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, आणि तरीही स्क्रू हलला नाही तर तसाच राहू द्या.

आता रीळ ओळखायचं कसं. फोटो अंधूक आहे, पण मूठ वळणदार दांडीच्या टोकाला आहे एवढं दिसतंय. अशी दांडी साधारण जुनी खूण. नंतर मूठ थेट चकतीवर आली, कारण दांडीत दोरी अडकायची. रिळाचा पाय, म्हणजे काठीला बसणारी पितळी पट्टी, उलटून बघा. दोन्ही टोकं सारखी, मूळ आकाराची आहेत की कानस मारून बारीक केलीत? काठीच्या कड्यात बसत नाही म्हणून पाय घासणं तेव्हा सर्रास चालायचं, आणि घासलेल्या पायाला आज कमी पैसे मिळतात.

नाव सापडलं तरी हुरळून जाऊ नका. बर्मिंगहॅमचे कारखाने रिळं बनवायचे आणि दुकानदार त्यावर स्वतःचं नाव ठोकून विकायचे, लंडनपासून कलकत्त्यापर्यंत. म्हणजे नाव बहुतेक वेळा दुकानाचं असतं, कारागिराचं नव्हे. याला मोठा अपवाद म्हणजे इंग्लंडमधल्या अ‍ॅनिकचे (Alnwick) हार्डी बंधू. १८७२ साली सुरू झालेलं हे घराणं. काठी धरलेला हात ही त्यांची खूण. त्यांचं 'परफेक्ट' रीळ १८९१ मध्ये बाजारात आलं आणि पुढे कित्येक दशकं बनत राहिलं. सुरुवातीची परफेक्ट सबंध पितळेची, आत छर्ऱ्यांचं बेअरिंग, मूठ हस्तिदंती. तसलं काही तुमच्या ट्रंकेत निघालं असेल तर पुढचं सगळं वाचणं सोडा आणि आधी ते कपाटात कुलूपबंद करा. पण बिननावाचं साधं पितळी रीळ ही या छंदातली सगळ्यात जास्त सापडणारी वस्तू आहे, हेही स्पष्ट सांगून ठेवतो.

बाकी प्रकार झटकन सांगतो. नॉटिंगहॅमची लाकडी रिळं, अक्रोडाची किंवा महोगनीची, मागच्या बाजूला पितळी चांदणी. ती आपल्या हवेत वाकतात आणि तडकतात. माझं एक तडकलेलं मिरजेच्या सतारमेकरकडे नेलं होतं. त्यानं ते कानाजवळ धरून टिचकी मारली आणि चीर कुठवर गेलीय ते न उघडता सांगितलं. इंग्लंडमधल्याच रेडिचच्या ऑलकॉक कंपनीची 'एरियल' रिळं १८९६ पासूनची, हलकी आणि आजही लोकांच्या लाडकी. अमेरिकेत केंटकीच्या घड्याळजींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दातेरी चाकं घालून एका फेऱ्यात अनेक वेढे घेणारी रिळं केली. आणि ज्यात दोरीची फिरकी स्थिर राहते, जे आज प्रत्येक दुकानात मिळतं, त्याची सुरुवात ब्रॅडफर्डच्या लोकर-व्यापारी इलिंगवर्थच्या १९०५ च्या पेटंटपासून. कापडगिरणीतली बॉबिन बघत वाढलेल्या माणसाला ते सुचलं, यात नवल नाही.

खरी गंमत मात्र तुमच्या काठीत असू शकते. पिशवीतून काढून टोकाचा छेद भिंगाखाली बघा. गोल आणि भरीव लाकूड, रंग काळपट, हाताला जड लागत असेल तर ते बहुधा ग्रीनहार्ट, दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचं लाकूड. छेद षट्कोनी असेल आणि प्रत्येक कोपऱ्यावर केसासारखी रेघ दिसत असेल तर ती चिरलेल्या बांबूची काठी. बांबू उभा चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या रंध्यानं तासायच्या, चकचकीत साल बाहेर ठेवायची, आणि सरसानं चिकटवून रेशमी दोऱ्यानं आवळायच्या. चांगल्या कारागिराच्या कामात शेजारशेजारच्या पट्ट्यांची पेरं एका रेषेत येत नाहीत, कारण पेर हीच बांबूची कमजोर जागा.

हा बांबू कुठला? विसाव्या शतकात तो चीनमधून, टोंकिन नावानं जायचा. पण त्याआधी, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश आणि अमेरिकन काठ्या 'कलकत्ता केन'च्या असत. अमेरिकेत फिलिप आणि लिओनार्ड या कारागिरांनी चिरलेल्या बांबूच्या काठीला रूप दिलं ते याच मालावर. कलकत्ता केन म्हणजे आपला भरीव नर बांबू, मानवेल, ज्याची लाठी होते. जावळीच्या किंवा पाटणच्या डोंगरात बघितला असेल. ओळखायची खूण: त्या बांबूवर भाजल्याचे तपकिरी डाग असत. म्हणजे इथल्याच जातीचा बांबू कलकत्त्याहून बोटीनं जायचा, तिकडे चिरला-तासला जायचा आणि साहेबाच्या सामानातून महाबळेश्वरला परत यायचा. काठीवर तसे डाग दिसले तर मला जरूर कळवा, रिळापेक्षा मला त्यात जास्त रस आहे.

सरस पाण्याला भितो हे लक्षात ठेवा. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावभागात शिरली तेव्हा माझ्या एका मित्राची अशी काठी तळमजल्यावर राहिली. पाणी उतरल्यावर पिशवी उघडली तर काठी सहाच्या सहा पट्ट्यांत उकलली होती, आणि आतल्या बाजूला शंभरेक वर्षांपूर्वीच्या रंध्याचे ओरखडे स्वच्छ दिसत होते. काठी म्हणून ती संपली. तरी त्यानं टाकली नाही, शिकवायला उत्तम आहे. तुमची काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, तसाच बाक येतो. पिशवीत घालून खिळ्याला उभी टांगा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या. पितळी सांधे घट्ट झाले असतील तर पिळू नका. दोन माणसांनी सरळ ओढायचं.

आता डबी. पिसांचे गळ उचलण्याआधी त्यांचं टोक बघा. दोरी ओवायला धातूचं नेढं आहे, की गळाला पिवळसर तंतू आवळून बांधलाय? नेढ्याचे गळ १८८० च्या दशकापासून रुळत गेले. त्याआधी तंतूच बांधलेला असायचा. तो तंतू म्हणजे रेशमाच्या किड्याची ग्रंथी. कोश विणायच्या बेतात आलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवून, फोडून, ती ग्रंथी ओढून लांबवायचे. स्पेनच्या मुर्सिया भागात हा मोठा धंदा होता. एक तुकडा फूट-दीड फुटाचा निघे, म्हणून जुन्या दोरीत ठराविक अंतरावर गाठी दिसतात. वापरण्याआधी तो भिजवावा लागे, त्यासाठी ओल्या फेल्टच्या चकत्या घातलेल्या गोल डब्या असत. तुमच्या ट्रंकेत तसली डबी असेल तर तीही या सामानातलीच समजा. वाळलेला तंतू काचेसारखा तुटतो, वाकवून बघू नका. १९३८ मध्ये नायलॉन आलं आणि महायुद्धानंतर हा धंदा बसला. आज नदीवरचं पोरगंही तंगूस वापरतं.

पिसांबद्दल थोडं सावध करतो. काळ्या पिसावर मेणाच्या थेंबासारखे पिवळट-पांढरे ठिपके असतील तर ती राखी रानकोंबड्याच्या मानेची. हा आपल्या सह्याद्रीतला पक्षी, आणि सामन मासा पकडायच्या इंग्लिश माश्यांमध्ये, म्हणजे गळावर पिसं बांधून केलेल्या खोट्या किड्यांमध्ये, त्या पिसांना फार मान. आज पक्षी संरक्षित आहे, तेव्हा ती पिसं विकण्याच्या भानगडीत पडू नका. पिसांचं वेड कुठवर जातं म्हणाल तर २००९ मध्ये इंग्लंडच्या ट्रिंग संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली, कशासाठी, तर असल्या माश्या बांधायला. हाच नियम रिळाच्या मुठीला. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. नकली सेल्युलॉइडवर सरळ समांतर रेघा असतात. खरा निघाला तर विकू नका, आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बेकायदा आहे. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे परदेशातलं कोणी 'कुरिअर करा, पैसे पाठवतो' म्हणालं तर आधी तो कायदा नीट समजून घ्या.

किंमत मी फोटोवरून सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत हॅस्केल नावाच्या कारागिराचा, आमिष म्हणून वापरायचा एक तांब्याचा नकली मासा २००३ च्या लिलावात लाखाहून जास्त डॉलरला गेला, ती बातमी वाचून लोक ट्रंका उपसतात. तसले किती असणार! तुमच्या सामानाचं मोल वेगळं आहे: रीळ, काठी, डबी आणि माणूस असा सबंध संच एकत्र आहे. पिशवीवरचं नाव, ट्रंकेतली चिठ्ठी, बंगल्याच्या पावत्या, यातलं काही फेकू नका. गळ जाड तारेचे आणि मोठे असले तर ते महसीरसाठी, म्हणजे आपल्या खडशीसाठी, घेतलेले असणार. या माशाच्या जबड्यात दात नसतात, पण दाबून तो नाजूक विलायती गळ चेपून टाकायचा, म्हणून हिंदुस्थानात येणाऱ्या साहेबाला वेगळं, दणकट सामान लागे. संच तोडून रीळ एकाला आणि काठी दुसऱ्याला विकली की हे सगळं कळायचा मार्ग बंद झाला.

संग्रहाचं म्हणाल तर माझं मत अनेकांना पटत नाही. विलायती रिळं जपायला जगभर लोक बसलेत, त्यांच्या सूची आहेत, लिलाव आहेत. कृष्णेवर, वारणेवर, कोयनेवर भोई मंडळींनी जे वापरलं ते कोण जपतंय? छत्रीच्या काडीचा किंवा सायकलच्या तारेचा लोहारानं वाकवलेला गळ, ज्वारीच्या धाटाचा तरंगता तुकडा, पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, कडेची शिशाची आणि त्याआधीची भाजक्या मातीची वजनं, जाळं विणायची बांबूची सुई, मरळीसाठी वेगळा गळ आणि वामेसाठी वेगळा. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची यादी छापली तेव्हा कोलस, पोटेल, बोगट ही इथल्या तोंडची नावं थेट शास्त्रीय नावांत घेतली, म्हणून ती टिकली. हत्यारांच्या बाबतीत तसं कोणी केलं नाही. नायलॉन आल्यावर जुनं चुलीत गेलं, राहिलेलं पुरात.

तेव्हा पैसे घालून जुन्या बाजारात दुसरं रीळ शोधण्याआधी हरिपूरला संगमावर जा, कराडला जा, म्हाताऱ्या भोयाशी बसा, चहा पाजा. लगेच वस्तू मागू नका. आधी ती कशी वापरायची ते विचारा, मग तो स्वतःच आत जाऊन घेऊन येतो. जे मिळेल त्याला चिठ्ठी बांधा: गाव, नदीचा कोणता डोह, कोणत्या माशासाठी, कोणी बनवलं, कोणत्या साली हाती आलं. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, आपल्या पावसाळ्यात शाई पसरते. आणि रिळाचे चार फोटो टाका, पुढून, मागून, पायाचा आणि ठोकलेल्या अक्षरांचा. अक्षरांवर उजेड तिरका पाडा, समोरून नको.