नेटवर्कची शंका: व्हीआरएफच्या पोटात राउटिंग मॉड्यूल

प्रश्न: नमस्कार मॅडम, आमच्याकडे नेटकॉन्फ (नेटवर्क उपकरणांचं कॉन्फिगरेशन दुरून करायचा प्रोटोकॉल) सर्व्हरचं काम चालू आहे. प्रत्येक व्हीआरएफखाली (एकाच राउटरमधलं स्वतंत्र राउटिंग टेबल) आयईटीएफ या इंटरनेट मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, यांग या मॉडेलिंग भाषेतलं राउटिंग मॉड्यूल जसंच्या तसं हवंय, पण ते तर टॉप लेव्हलला बसतं. सिनियर म्हणतात फाईल कॉपी करून कंटेनरमध्ये गुंडाळ, मला ते पटत नाहीये. यांगच्या ऑगमेंटने जमेल का? स्कीमा माउंट (एका मॉडेलच्या आत दुसरं मॉडेल बसवणं) असं काहीतरी ऐकलंय, पण ते करून पाहिलं तर लीफरेफ (दुसऱ्या नोडकडे बोट दाखवणारे संदर्भ) सगळे तुटले.
— एक वाचक, पुणे

उत्तर: पटत नाहीये ते बरोबरच आहे! कॉपी केली की नेमस्पेस बदलते, मग मूळ मॉड्यूलची नवी आवृत्ती आली की तुमची कॉपी हाताने सांभाळत बसा, आणि त्या मॉड्यूलला बाकीच्यांनी केलेले ऑगमेंट तुमच्या कॉपीला लागतच नाहीत. ऑगमेंटनेही नाही जमत, त्याने नवे नोड घालता येतात, आधीच टॉप लेव्हलला असलेलं अख्खं झाड उचलून दुसरीकडे लावता येत नाही. मूळ लेखकाने ग्रुपिंग (पुन्हा वापरता येईल असा नोडचा गट) करून ठेवलं असतं तर तो गट हवा तिथे आणणारं यूजेस चाललं असतं, पण तेवढा पुढचा विचार कोण करतं.

नेमकं यासाठीच मार्च २०१९ मध्ये स्कीमा माउंटचा आरएफसी ८५२८ (आयईटीएफचा मानक दस्तऐवज) आला. कंटेनर किंवा लिस्टमध्ये माउंट-पॉइंट लिहायचं, लेबल द्यायचं, बस्स. तुमचं मॉड्यूल मात्र यांग १.१ चं हवं. आणि एक लक्षात ठेवा, नुसतं लिहिल्याने काहीच माउंट होत नाही, सर्व्हरने स्कीमा-माउंट्स या स्टेट डेटात (सर्व्हर स्वतः सांगतो, बाहेरून बदलता येत नाही असा डेटा) त्या लेबलची नोंद दिली नाही तर ती जागा रिकामीच. शिवाय इथे माउंट होतो तो फक्त स्कीमा, डेटा कुठून आणायचा ते सर्व्हरचं सर्व्हर बघेल. नावामुळे बरेच जण याला एनएफएस माउंटसारखं (दुसऱ्या मशीनवरच्या फाइल्स आपल्याकडे जोडणं) समजतात, तसं नाहीये ते.

आता लीफरेफ. माउंटच्या आतल्या मॉड्यूलसाठी माउंट पॉइंट हाच रूट असतो, लिनक्सवाल्यांना सीएचरूट (एखादा फोल्डरच प्रोग्रामसाठी रूट करणं) म्हटलं की लगेच कळेल. राउटिंगमधला लीफरेफ इंटरफेस शोधायला रूटपासून निघतो, पण इंटरफेस तर बाहेर होस्टकडे राहिलेत, आतून दिसणार कसे! त्यासाठी नोंद शेअर्ड-स्कीमाची (त्या लेबलच्या सगळ्या माउंटना एकच स्कीमा) करा आणि तिच्यात पॅरेंट-रेफरन्स द्या, म्हणजे बाहेरचे कुठले नोड आत दिसू द्यायचे ते सांगणारं एक्सपाथ (झाडातले नोड निवडायची पद्धत). ते नोड फक्त एक्सपाथ तपासण्यापुरतेच दिसतात, आतून बदलता येत नाहीत. तुम्ही बहुतेक नोंदीचा दुसरा प्रकार, इनलाइन, निवडलंय, त्यात पॅरेंट-रेफरन्सची सोयच नाही.

इनलाइन वाईट आहे असं नाही हं. एकाच डब्यात अनेक लॉजिकल राउटर असतील, प्रत्येकाचे मॉड्यूल वेगळे असू शकतील, तर तेच लागतं, कारण तिथे प्रत्येकजण आपली यांग लायब्ररी (आपल्याकडच्या मॉड्यूलची यादी) स्वतःच सांगतो. आरएफसी ८५३० त्याचंच उदाहरण. तुमचं काम मात्र आरएफसी ८५२९ चं, त्यात व्हीआरएफ-रूट नावाचा माउंट पॉइंट तयारच आहे आणि इंटरफेस कुठल्या व्हीआरएफचा ते सांगायला इंटरफेसवर बाइंड-एनआय-नेम हा लीफपण आहे. म्हणजे स्वतःचा कंटेनर लिहायचीसुद्धा गरज नाही. सिनियरना आधी तो आरएफसीच दाखवा.