ठेव मोडण्याआधी कोड नीट तपासून घ्या

तुमची अडचण अशी: नऊ वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकतेय, स्कॅनरवर पी ०७१५ हा दोषाचा कोड आलाय आणि गॅरेजवाला गिअरबॉक्स उघडू म्हणतोय. त्यासाठी मुदत ठेव मोडू, की गाडी आहे तशी विकू?

आज दोन्ही नको. पी ०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरच्या (गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये गडबड. त्यात सेन्सर आला, वायर आली, कनेक्टर आला, क्वचित कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटरही. गिअरबॉक्स गेला, असं हा कोड म्हणत नाही. सिग्नल मिळेना झाला की मॉड्यूल नुकसान टाळायला गाडी एकाच गिअरला बांधून ठेवतं.

म्हणून आधी दुसऱ्या गॅरेजमध्ये फक्त तपासणीची मजुरी द्या. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची नोंद, लिहून घ्यायला सांगा. मग कनेक्टर काढून पाहायचा: पिना हिरव्या पडल्यात का, आत तेल शिरलंय का. त्यानंतर मॉड्यूलपर्यंतच्या वायरची कंटिन्यूटी, म्हणजे वायर मध्ये तुटली नाही ना. दोन वायरचा सेन्सर कॉइलचा असेल तर त्याचा रेझिस्टन्स मोजून सर्व्हिस मॅन्युअलशी ताडता येतो. तीन वायरचा बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, असतो. त्याला सप्लाय, अर्थ आणि सिग्नलच तपासावे लागतात. तिथे रेझिस्टन्स मोजूनच निकाल दिला, तर चांगला सेन्सर भंगारात जातो आणि कोड आठवड्यात परत येतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर या सेन्सरचा आकडा चालू असताना वायर हलवून बघा. तो उड्या मारू लागला तर दोष तिथेच.

सेन्सर काढल्यावर टोकाला करडी बुकी असेल तर पुसून टाका. चकचकीत तुकडे, जळका वास मारणारं काळं तेल किंवा जोडीला पी ०७३० (गिअरचं गुणोत्तर चुकल्याचा कोड) असेल, तर मात्र आतल्या झिजेची शक्यता धरा.

वायर किंवा बाहेरून बसणारा सेन्सर असेल तर खर्च आकस्मिक निधीतून करा. सेन्सर ऑइल पॅनच्या आत असेल तर तेल, फिल्टर आणि गॅस्केट धरून लेखी अंदाज घ्या.

ओव्हरहॉलच, म्हणजे गिअरबॉक्स उघडून पूर्ण दुरुस्तीच, निघालं तर दोन भाव काढा: दुरुस्त गाडीचा आणि आहे त्या स्थितीतला. खर्च या फरकापेक्षा जास्त असेल आणि वर्षभरात गाडी बदलायचीच असेल, तर विका. अजून तीन-चार वर्षं वापरणार असाल तर तुलना नव्या गाडीच्या हप्त्यांशी करा. तिथे ओव्हरहॉल बहुधा जिंकतं. तेव्हाही ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज किती व्याजाने मिळतं ते विचारा. आणि कोड पुसून विकायचं मनात असेल तर सोडा. पुसल्यावर तपासणीचे मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या, ‘अपूर्ण’ दिसतात. घेणाऱ्याकडे स्कॅनर असला की लगेच कळतं.