मीठ खारट असतं, मग 'मिठाई' गोड कशी? या दोन शब्दांचा काही संबंध आहे का? की मिठाईत चिमूटभर मीठ घालतात म्हणून ती मिठाई?

आहे, आणि चांगला सख्खा आहे. फक्त 'मिठाईत चिमूटभर मीठ घालतात म्हणून ती मिठाई' हे तुम्ही प्रश्नात दिलेलं कारण सोडून द्या. पुरणात, शिऱ्यात आपण मीठ घालतो ते चव खुलावी म्हणून. नाव तिथून आलेलं नाही.

दोन्ही शब्द संस्कृत 'मृष्ट'पासून आले. 'मृज्' म्हणजे पुसणं, घासणं. त्यावरून मृष्ट म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेलं आणि अन्नाबद्दल बोलताना रुचकर. प्राकृतात त्याचं 'मिट्ठ' झालं. पुढे हिंदीत 'मीठा' आणि भल्याची भलाई तशी मीठ्याची मिठाई. ती आपण आयतीच उचलली.

मराठीत मात्र 'रुचकर' हा अर्थ वेगळ्याच दिशेने गेला. ज्याच्यावाचून अन्नाला रुची नाही, तेच 'मीठ' ठरलं. हे विचित्र वाटत असेल तर आपला 'गोड' बघा. आजारी माणूस 'जेवण गोड लागत नाही' म्हणतो तेव्हा त्याला साखर कमी पडलेली नसते. गुजरातीत तर दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात : 'मीठुं' म्हणजे गोडही आणि खायचं मीठही. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात कुणाही गुजराती शेजाऱ्याला विचारा. हिंदीने मिठासाठी फारसीतला 'नमक' घेतला, त्यामुळे तिथे मीठा निव्वळ गोड राहिला.

मिठासाठी जुना शब्द होता 'लवण'. तो पुरता गेलेला नाही. लोणच्यात तो आहे, आणि 'अळणी' म्हणजे मुळात अ-लवणच.

आमच्या ठाणे पूर्वेला मीठबंदर रोड आहे, खाडीकाठच्या मिठाच्या व्यापाराची आठवण सांगणारा. हिंदी भाषक मित्राला पत्ता सांगताना जपा, त्याच्या कानाला ते 'गोड माकड' ऐकू येतं.

गंमत 'मिष्टान्न'ची. शब्द दिसतो सोवळ्यातला, पण त्यातलं 'मिष्ट' हे प्राकृत मिट्ठालाच पुन्हा संस्कृत वेश चढवून झालेलं आहे असं मानतात. अस्सल रूप 'मृष्टान्न'.

राहिला वापराचा प्रश्न. पुरणपोळीला किंवा घरच्या खिरीला आपण सहसा मिठाई म्हणत नाही, ते पक्वान्न किंवा नुसतं 'गोडधोड'. खोक्यातून दुकानातून येते ती मिठाई : पेढे, बर्फी वगैरे. त्यातली बर्फी फारसी 'बर्फ'वरून आलेली, पण तो वेगळा प्रश्न म्हणून विचारा.