मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

प्रश्न : मुलाचं विमान मोबाइलवर पाहत होतो, तर ते आइसलँडजवळ दिसलं. न्यूयॉर्क पश्चिमेला असताना एवढा वळसा कशाला?

वळसा वाटतो, तोच जवळचा रस्ता आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, मध्य आशिया, सेंट पीटर्सबर्ग, नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात शिरेल. हे अंतर सुमारे 12,550 किमी भरतं. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून आखलेली रेघ इजिप्त, अल्जीरियावरून जाते आणि ती जवळजवळ 1,700 किमी जास्त लांब आहे.

अर्थात विमान दोऱ्याबरहुकूम जात नाही. 2022 पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. म्हणून एकाच प्रवासाला दोन कंपन्यांची वेळ वेगळी दिसते. तिकीट काढताना जुन्या आठवणीवर विसंबू नका, त्या तारखेची वेळ पाहा.

प्रश्न : जाताना साधारण 16 तास आणि येताना दीड-दोन तास कमी, असं का? पृथ्वी फिरते म्हणून?

नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते. हवा फिरली नसती तर उलट घडलं असतं: न्यूयॉर्क स्वतःच विमानाकडे सरकत आलं असतं आणि जाणं लवकर झालं असतं.

खरं कारण वारा. साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरात असतात. विमानाचा वेग ताशी 900 किमी आणि वारा 100 किमी धरला, तर पाठीवर वारा असताना जमिनीच्या हिशेबाने 1,000 मिळतात आणि समोरून असताना 800. मार्ग आखणारे रोजचा वारा पाहून ठरवतात; कधी कधी लांबचा रस्ताच लवकर पोचवतो. मला या कामाचं फार अप्रूप आहे, कारण प्रवाशाला ते कधीच दिसत नाही.

प्रश्न : रात्री 2 ला निघून सकाळी साडेसातला पोचतो, म्हणजे साडेपाच तासच?

दोन्ही वेळा त्या त्या गावच्या आहेत. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. साडेपाचात ते मिळवा, 16 तास झाले. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ तासांचा.

प्रश्न : आई 70 वर्षांची, पुण्याहून पहिल्यांदाच एकटी जाणार आहे. आखातात थांबणारं विमान स्वस्त पडतंय. घ्यावं का?

परवडत असेल तर नॉन-स्टॉपच घ्या. अनोळखी विमानतळावर मध्यरात्री गेट शोधणं हा त्या वयात खरा ताण असतो. नुसतं ‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमान मध्ये उतरू शकतं, तेवढं तपासा. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा. हिशेब पुण्याच्या दारापासून धरा: मुंबईपर्यंतचा रस्ता, तीन तास आधी पोचणं, तिकडची इमिग्रेशनची रांग. एकूण 24 तास सहज होतात. इतका वेळ बसून पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून दर दोन-एक तासांनी उठून चालायला सांगा, पाणी भरपूर पिऊ द्या, आणि आधी काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा. गोळ्या हँडबॅगेतच ठेवायच्या, चिठ्ठीसकट.