संग्रहालयात आलेले लोक वस्तूपुढे थांबावेत म्हणून मार्गदर्शकाने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यातल्या एका संग्रहालयात मार्गदर्शक म्हणून नुकतेच लागला आहात. शाळांच्या सहली येतात, रविवारी कुटुंबं येतात, पण तुम्ही बोलायला लागलात की दोन मिनिटांत लोक पुढच्या कपाटाकडे सरकतात. त्यांना थांबवायचं कसं?

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीचं बोलणं कमी करा. नवा मार्गदर्शक बहुधा वस्तूपाशी पोचताच सन, घराणं, धातू, उंची असं सगळं एका दमात सांगून टाकतो. ऐकणाऱ्याने तोवर वस्तू धड पाहिलेलीही नसते. त्याला प्रश्नच पडलेला नसतो, मग उत्तरात त्याला रस का वाटावा? म्हणून वस्तूपाशी गेल्यावर अर्धा मिनिट गप्प राहा आणि लोकांना नुसतं पाहू द्या. मग विचारा: "इथे काय दिसतंय?" कुणी काही म्हणालं की "कशावरून म्हणतोस?" आणि त्यानंतर "आणखी काय दिसतंय?" फिलिप येनावाइन आणि अ‍ॅबिगेल हाउझन यांनी चित्रं पाहायला शिकवण्यासाठी जी पद्धत बसवली, तिचा गाभा हे तीन प्रश्नच आहेत. मूर्तींनाही ती चांगली लागू पडते.

ही पद्धत फसते ती दोन ठिकाणी. प्रश्न विचारून मार्गदर्शक दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतो. मनात आठपर्यंत आकडे मोजा, तेवढ्यात कुणीतरी बोलतंच. दुसरं, पहिल्या उत्तराला "बरोबर!" म्हटलंत की बाकीची मुलं गप्प होतात, कारण परीक्षा संपली असं त्यांना वाटतं. त्याऐवजी मुलाने सांगितलेली जागा काचेला न टेकता बोटाने दाखवा, त्याचं वाक्य नीट करून सगळ्यांना ऐकवा आणि पुढे जा. चुकीचं उत्तर लगेच खोडू नका. "कशावरून" विचारलं की बहुतेक वेळा मुलं आपली आपणच सुधारतात.

अकोट्याच्या ब्राँझमूर्तींचं उदाहरण घेऊ. बडोद्यातच दांडिया बाजाराकडून विश्वामित्री नदीवरचा पूल ओलांडला की अकोटा. तिथे १९५१ साली जैन ब्राँझमूर्तींचा मोठा साठा सापडला आणि तो कमाटीबागेतल्या (म्हणजे सयाजीबागेतल्या) संग्रहालयात आला. त्यात जीवंतस्वामींची मूर्ती आहे. ती दालनात मांडलेली असेल तेव्हा एवढंच विचारा: "हा राजा आहे की संन्यासी?" मुलांचे लगेच दोन तट पडतात. राजा म्हणणारे मुकुट आणि दागिने दाखवतात. संन्यासी म्हणणाऱ्यांना थोडं शोधावं लागतं, मग त्यांना सरळ ताठ उभं शरीर आणि दोन्ही बाजूंना सोडलेले हात दिसतात. दोन्ही पुरावे समोर आले की मग सांगा: घर सोडण्यापूर्वीचे, राजपुत्र असतानाच ध्यानाला उभे राहिलेले महावीर ते हेच. आता हे वाक्य कुणी विसरत नाही. सहाव्या शतकाच्या आसपासची मूर्ती, हेही इथेच सांगावं. आधी सांगितलं असतं तर ते नुसता आकडा होऊन राहिलं असतं. एवढी जुनी वस्तू पुलापलीकडच्या वस्तीत निघाली, याचं शहरातल्या मुलांना फार अप्रूप वाटतं, ते जरूर वापरा.

शाळेच्या सहलीचं यश बरंचसं दाराशीच ठरतं. साठ मुलं एकदम आत घेऊ नका. वीस-वीसचे तीन गट करा (पंधराचे चार जमले तर उत्तम) आणि प्रत्येक गटाला वेगळ्या दालनापासून सुरुवात करून द्या. आधी स्वच्छतागृह, मग पाण्याच्या बाटल्या आणि दप्तरं बाहेर. दप्तराबद्दल कडक राहा: पाठीवर दप्तर असलेलं मूल वळलं की ते काचेच्या कपाटावर आपटतं आणि त्याला कळतही नाही. चाळीस मिनिटं आणि पाच वस्तू, याहून जास्त नको. पाय आणि डोळे दोन्ही थकतात. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच या थकव्यावर लिहिलं आणि त्यासाठी वाकून, ओणवं होऊन पाहणाऱ्या प्रेक्षकाचे फोटोच काढले. उन्हाळ्यात, दालनात एसी नसेल तर, तीनच वस्तू घ्या.

शिक्षकांशी आदल्या दिवशी फोनवर बोलून घ्या. "माहिती लिहून आणा" असा गृहपाठ दिलेला असेल तर मुलं पाट्या उतरवून घेतात, वस्तूकडे पाहतसुद्धा नाहीत. छापील प्रश्नपत्रिकेचंही तेच होतं. त्यापेक्षा प्रत्येकाने एका वस्तूचं पाच मिनिटं चित्र काढावं. त्यासाठी पॅड, कोरा कागद आणि पेन्सिल पुरे. पेन मात्र आत नको, शाईचा डाग निघत नाही.

उभं कुठे राहायचं हे गट येण्याआधी ठरवा. वस्तूच्या शेजारी राहा, पुढे नाही. पुढची रांग खाली बसवा. त्याच वेळेला आदल्या दिवशी जाऊन पाहा, कारण सकाळी स्वच्छ दिसणाऱ्या काचेत दुपारी समोरची खिडकीच दिसते. उंच छताच्या दालनात आवाज घुमतो, तिथे मोठ्याने बोलून उपयोग नाही. सावकाश बोला आणि वाक्याचा शेवट गिळू नका. चालता चालता तर बोलूच नका.

कमाटीबागेतल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढे लहान मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हा खरा आहे का?" हो म्हणा, आणि त्यांना कामाला लावा. लांबी किती पावलं भरते ते मोजू द्या. मग परांतली हाडं दाखवा: दंड, कोपर, मनगट, बोटं, सगळं आपल्या हातासारखंच. आपल्याला पाच बोटं, निळ्या देवमाशाला चार. मानेचे मणके त्याचेही सात, आपलेही सात. "मग हा मासा कसा?" हा प्रश्न मुलंच विचारतात. तो मासा नाही, आपल्यासारखाच पिल्लांना जन्म देणारा सस्तन प्राणी आहे आणि त्याचं पिल्लू जन्मतःच सुमारे ७ मीटर लांब असतं, हे तेव्हा सांगा.

तिथल्याच इजिप्तच्या ममीपुढे वेगळं वागा. भुताच्या गोष्टी आणि घाबरवणं अजिबात नको. तो एका माणसाचा देह आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं की आठवीची मुलंसुद्धा आपोआप हळू बोलतात. नेट्रॉन नावाच्या क्षारात देह वाळवत, सगळा विधी साधारण ७० दिवस चाले, एवढं पुरेसं आहे.

रविवारच्या कुटुंबांना फेरी घडवायला जाऊ नका. ती प्राणीसंग्रहालय पाहून, दमून, कडेवर लेकरू घेऊन आलेली असतात. त्यांच्यासाठी एका जागी टेबल मांडा. त्यावर मेणाची छोटी मूर्ती, तिच्यावर मातीचा थर दिलेला साचा आणि ओतलेली धातूची मूर्ती ठेवा. मेण वितळून बाहेर जातं, त्याच पोकळीत धातू ओततात, मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकटीच. हे तीन मिनिटांत हातात देऊन दाखवता येतं. ज्यांना जास्त हवं ते थांबतात, त्यांच्याशी मग निवांत बोला.

त्याच टेबलावर तांब्याचा वीतभर पत्रा ठेवा, अर्धा पारदर्शक प्लास्टिकने झाकलेला, अर्धा उघडा. उघड्या भागाला सगळ्यांना हात लावू द्या. दोन-तीन आठवड्यांत तो भाग काळपट, डागाळलेला दिसू लागतो आणि झाकलेला चकचकीत राहतो. घामातलं मीठ आणि बोटांचं तेल धातूला काय करतं ते डोळ्यांनी दिसलं की "हात लावू नका" ही पाटी वाचायची गरज उरत नाही.

"इतका अंधार का?" हाही रोजचा प्रश्न. लघुचित्रं, कापड आणि कागद यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. खिडकीच्या पडद्याची घडी उलगडली की आतला रंग गडद आणि बाहेरचा फिका दिसतो, तसंच चित्राचं होतं, आणि गेलेला रंग परत येत नाही. मोबाइलचा टॉर्च म्हणूनच बंद करायला सांगायचा. डोळ्यांना सवय व्हायला दोन-तीन मिनिटं द्या, मग तक्रार कमी होते.

आपल्या मराठी घरांतल्या आज्या आल्या की मात्र तुम्ही ऐकणारे व्हा. राजा रविवर्म्याच्या चित्रांतल्या स्त्रिया पुष्कळदा नऊवारीत आहेत. महाराजा फतेसिंह संग्रहालयात त्यांच्यापुढे उभं राहून "आजी, हा काष्टा असाच घालतात का हो?" असं विचारून पाहा. निऱ्या कुठे खोचल्या आहेत, पदर कसा घेतला आहे, हे त्या नातवंडांना ज्या बारकाईने दाखवतील ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं. पाहुणा गुजराती असेल तर तोच प्रश्न गुजरातीत विचारा. पटोळं, बांधणी यांवर तिथेही माहेर-सासरच्या गप्पा निघतात.

पाट्या तुमच्या हातात असतील तर एका पाटीत एका भाषेचे ५० ते ६० शब्द आणि अक्षर २४ पॉइंटांहून लहान नको. पक्की छापण्याआधी साध्या कागदावर प्रिंट काढून स्टँडवर लावा (कपाटाला चिकटपट्टी नको, पॉलिश निघतं) आणि दूर उभं राहून किती जण शेवटपर्यंत वाचतात ते पाहा. सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना अशा निरीक्षणात मदत मागायला हरकत नाही.

आणि खिशात एक वही ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तो तिथल्या तिथे लिहा, विचारणाऱ्याला "शोधून सांगतो" म्हणा आणि संध्याकाळी क्युरेटरना (संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञांना) विचारा. एकच प्रश्न वहीत पुन्हा पुन्हा दिसू लागला की त्या वस्तूची पाटी बदलायची वेळ झाली असं समजा.